कोळशाच्या मुलखाची वाट

गेल्या भाद्रपदांतील गोष्ट. आमच्या थोरल्या बंधूंचा पक्ष घरीं झाला होता. पानें उठलीं, गुरुजी दक्षिणा घेऊन गेले, आणि आम्ही पडवींत सुपारी कातरीत बसलों होतों. इतक्यांत वहिनी आंतून आल्या व उंबऱ्यापाशींच टेकल्या. त्यांचें वय आतां बहात्तर आहे. बोलणें मोजकें, आणि आजवर त्यांनीं स्वतःसाठीं कोणाजवळ कांहीं मागितल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. त्या म्हणाल्या, "भावोजी, एक विचारूं का? डोळ्यांना धड दिसतें आहे तोंवर एकदां मला बल्लारपूरकडे घेऊन चला."

आम्ही "अवश्य, अवश्य" म्हणून गेलों; परंतु त्या रात्रीं आम्हांस लवकर झोंप आली नाहीं. सदतीस वर्षें आम्हीं ह्या सायवनच्या परिसरांत मुलांना संस्कृत आणि भूगोल शिकविला. भिंतीवरच्या नकाशांत वर्धा आणि वैनगंगा ह्या नद्यांवरून किती वेळां छडी फिरविली असेल, त्याची गणती नाहीं. त्या दोन नद्यांच्या आसपास कोळसा, लोखंड, मँगेनीज हीं नांवें दरवर्षीं फळ्यावर लिहिलीं आणि दरवर्षीं पुसलीं. प्रत्यक्ष त्या मुलखांत मात्र आम्हीं कधीं पाऊल टाकलें नव्हतें. आणि खरें सांगावयाचें तर, ज्या मुलखांतून येणाऱ्या पैशावर आमचें शिक्षण झालें, तोच हा मुलूख!

वाचकांस थोडी हकीकत सांगितली पाहिजे. आमचे वडील ह्या वारली वस्तीच्या प्रांतांत शाळामास्तर म्हणून आले आणि येथेंच राहिले. घरांत पांच भावंडें व एक तुटपुंजा पगार. सन १९७३ च्या मे महिन्यांत देशांतील बिगर-कोकिंग कोळशाच्या खाणी सरकारनें ताब्यांत घेतल्या. पुढल्याच वर्षीं, ओळखीच्या एका गृहस्थांनीं सुचविल्यावरून, आमचे थोरले बंधू बल्लारपूरजवळच्या एका खाणींत हजेरीचे कारकून म्हणून रुजू झाले. त्यांस आम्ही दादा म्हणत असूं. मॅट्रिक झालेला चोवीस वर्षांचा मुलगा, एक वळकटी आणि एक पत्र्याची पेटी घेऊन डहाणू रोडच्या फलाटावर उभा आहे, हें चित्र अजून आमच्या डोळ्यांपुढें आहे. त्यानंतर दर महिन्याच्या दहा तारखेच्या सुमारास पोस्टमन मनीऑर्डर घेऊन येई. तीमधून आमचा अध्यापनाचा वर्ग झाला, धाकट्या बंधूंचें कॉलेज झालें, आणि दोघी बहिणींचीं लग्नें झालीं. मनीऑर्डरच्या खालच्या चिठोऱ्यावर दादा चार शब्द लिहीत: "सर्व क्षेम. आईस नमस्कार." एकदां मात्र लिहिलें होतें, "येथें तुळशीचीं पानें रोज सकाळीं पुसावीं लागतात. ह्या ती काळजी घेतात." कोळशाची धूळ तुळशीवर बसते, आणि आपल्या थोरल्या जावेप्रमाणें मानाची आमची वहिनी ती ओल्या फडक्यानें पुसते, एवढ्यापलीकडे त्या मुलखाविषयीं आमच्या घरांत कोणासही कांहीं ठाऊक नव्हतें.

दादा छत्तीस वर्षें तेथें राहिले. सन २०१० मध्यें निवृत्त होऊन घरीं आले आणि २०१६ मध्यें गेले. ह्या छत्तीस वर्षांत आम्ही एकदांही त्यांच्याकडे गेलों नाहीं. कधीं परीक्षा आडव्या आल्या, कधीं भातलावणी, कधीं आईचें दुखणें. कारणें खरीं होतीं. पण तीं पुरेशीं होतीं कीं काय, हें आतां विचारणारे दादा राहिले नाहींत.

असो. दुसऱ्या दिवशीं रात्रीं जेवणें झाल्यावर घरांत सभा भरली. एकत्र कुटुंबांत प्रवास ठरविणें म्हणजे लहानसें कायदेमंडळ चालविण्यासारखेंच असतें. फरक इतकाच, कीं येथें विरोधी पक्षही स्वयंपाकघरांतूनच निघतो. धाकट्या बंधूंचें मत रेल्वेच्या बाजूनें पडलें: डहाणू रोडहून मुंबई गांठावी आणि तेथून वर्धा मार्गानें थेट बल्लारशाह. सूनबाई म्हणाल्या, मुंबईहून नागपूरपर्यंत विमानानें जावें. आजकाल वृद्ध माणसें सर्रास जातात. आमचा पुतण्या, म्हणजे दादांचा मुलगा, बोईसरला कारखान्यांत आहे. त्यानें नुकतीच मोटार घेतली आहे. तेव्हां तो कोणत्या पक्षाचा हें सांगावयास नकोच.

निकाल वहिनींनींच दिला. त्या म्हणाल्या, "छत्तीस वर्षें मी त्या वाटेनें येजा केली, पण गाडी नेहमीं रात्रीची. खिडकीबाहेर काळोख, आणि मांडीवर झोंपलेलें मूल. मधला मुलूख मीं पाहिलेलाच नाहीं. आतां दिवसाउजेडीं पाहूं दे." ह्यापुढें कोणास कांहीं बोलतां येईना. मोटारीनें जावयाचें ठरलें.

ठरलें खरें, पण आमच्या सौभाग्यवतींच्या मनांतील भीति गेली नाहीं. नागपूरपासून मुंबईकडे जो नवा समृद्धि महामार्ग झाला आहे, त्याचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरांचा पहिला भाग ११ डिसेंबर २०२२ रोजीं उघडला आणि शेवटचा, इगतपुरीपासून आमण्यापर्यंतचा, ५ जून २०२५ रोजीं. सगळी लांबी ७०१ किलोमीटर. ह्याच मार्गावर सिंदखेडराजाजवळ १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर एक प्रवासी बस उलटून पेटली आणि पंचवीस माणसें गेलीं. सौभाग्यवतींनीं ती बातमी ध्यानांत ठेविली होती. "रस्ता चांगला झाला, म्हणून माणूस सावध झाला असें नाहीं," असें त्या म्हणाल्या, आणि तें आम्हांस पटलें. सरळ, रुंद, निर्मनुष्य रस्त्यावर चालकाची दृष्टि बधिर होते, डोळे उघडे असून मन झोंपी जातें. तापलेल्या काँक्रिटवर वेगानें धांवतांना जुने किंवा हवा कमीजास्त असलेले टायर फुटतात. म्हणून आम्हीं घरचे नियम केले ते असे: सूर्यास्तानंतर गाडी चालवावयाची नाहीं, दर दोन तासांनीं थांबून खालीं उतरावयाचें, टायरांतील हवा सकाळीं, टायर थंड असतांना तपासावयाची, आणि त्या मार्गावर ताशीं १२० किलोमीटरांची मुभा असली, तरी आपण नव्वदांवर जावयाचें नाहीं. पुतण्या आणि सूनबाई दोघेंही गाडी चालवितात, ही एक जमेची बाजू. शेवटच्या नियमावर पुतण्याची मुद्रा किंचित् उतरली. पण आईसमोर तो बोलला नाहीं.

आमची धाकटी कन्या ऑस्ट्रेलियांत पर्थ येथें असते. जांवई तेथील लोखंडाच्या खाणींच्या कामावर अभियंता आहेत. तिला हा बेत कळतांच तिनें भलें मोठें पत्र लिहिलें. पत्र म्हणजे हल्लीचें, फोनवर येणारें. पण लिहिण्याची रीत तिनें आमच्याकडूनच उचलली असल्यानें तें खरोखरीच पत्र होतें. त्या खंडाचा आंतला भाग म्हणजे तांबड्या मातीचा अफाट, ओसाड मुलूख. एका पेट्रोलपंपापासून दुसरा पंप कधीं कधीं दोनशें-तीनशें किलोमीटरांवर. मध्यें पन्नास मीटरांहून लांब असे, आगगाडीसारखे जोडलेले मालट्रक. तेथें प्रवासाला निघतांना लोक कोणते नियम पाळतात, तें तिनें लिहिलें होतें. पंप दिसला, कीं टाकी अर्धी भरलेली असली तरी पुन्हां भरावी. पिण्याचें पाणी लागेल असें वाटतें त्याच्या दुप्पट घ्यावें. कोणत्या वाटेनें जाणार आणि कोणत्या दिवशीं पोहोंचणार, हें मागें राहणाऱ्या माणसास लिहून द्यावें. गाडी बंद पडली, तर गाडी सोडून चालत निघूं नये. शोधणाऱ्यास गाडी लवकर दिसते, माणूस दिसत नाहीं. संधिकालीं गाडी हांकूं नये, कारण त्या वेळीं कांगारू रस्त्यावर येतात.

तिनें त्याच पत्रांत कलगुर्ली नांवाच्या गांवाची गोष्ट लिहिली होती. तेथें सन १८९३ मध्यें सोनें सांपडलें. माणसांची झुंबड उडाली. पण पाणी नाहीं. मग पर्थजवळच्या डोंगरांतील धरणापासून सुमारें ५६० किलोमीटर लांबीचा लोखंडी नळ टाकून १९०३ मध्यें तेथें पाणी नेलें. ज्या अभियंत्यानें ही योजना केली, तो ओकॉनर, टीकेनें खचून आदल्याच वर्षीं जीव देऊन बसला होता. पाणी पोहोंचलेलें त्यानें पाहिलें नाहीं. शेवटीं कन्येनें लिहिलें होतें, "बाबा, खाणीच्या गांवांत सोनें सगळ्यांना दिसतें, पण तेथें पाणी कोणी आणलें तें फार थोड्यांना ठाऊक असतें." हें वाक्य तिनें सहज लिहिलें असेल; आम्हांस मात्र तें पुढें वारंवार आठवलें.

आमच्याकडे कांगारू नाहींत. परंतु नीलगाई आहेत, मोकाट गुरें आहेत, आणि ताडोब्याच्या बाजूस तर वाघही आहे. म्हणून कन्येचे सर्व नियम आम्हीं आमच्या वहींत उतरून घेतले. धाकटे बंधू घरीं राहणार. त्यांच्याजवळ मुक्कामांची यादी द्यावयाची आणि रोज संध्याकाळीं फोन करावयाचा. फोन लागला नाहीं तर दुसऱ्या दिवशीं दुपारपर्यंत घाबरावयाचें नाहीं, हेंही त्यांत लिहिलें.

एकदां वही उघडल्यावर आम्हांस हा उद्योग गोड वाटूं लागला. संस्कृत वाङ्मयांत प्रवासाचा उत्तम आराखडा कोणी केला असेल, तर तो कालिदासाच्या यक्षानें, असें आम्हांस नेहमीं वाटत आलें आहे. 'मेघदूता'चा पूर्वार्ध म्हणजे दुसरें काय आहे? रामगिरीपासून अलकेपर्यंतची वाट तो मेघास नद्या, डोंगर आणि गांवें यांच्या खुणांनीं समजावून सांगतो. थकलास कीं डोंगरमाथ्यावर टेक, रिता झालास कीं नदीचें हलकें पाणी पी, ही त्याची सूचना. आणि आमच्या कन्येचे नियम तरी ह्याहून निराळे कोठें आहेत? उज्जयिनी वाटेवर नाहीं, वळसा पडेल. तरी तिकडे जाच, असा आग्रहही तो धरतो. विशेष हें, कीं ज्याच्या हातून चूक झाली आणि म्हणून ज्यास स्वतः जातां येत नाहीं, तो हा मार्ग आखतो आहे. तरुणपणीं हें काव्य शिकवितांना आम्हीं त्यांतील समास सोडविले. त्याची ही बाजू साठी उलटल्यावर ध्यानांत आली.

तर आमची वाट अशी ठरली. सायवनहून कासा, तेथून जव्हार, मोखाडा, त्र्यंबकेश्वर. म्हणजे घाट चढून देशावर. नाशिक ओलांडून सिन्नरपाशीं महामार्ग धरावयाचा आणि पहिला मुक्काम शिर्डीस. दुसरा लोणारला, वाटेंत सिंदखेडराजास जिजाबाईंचें जन्मस्थान पाहावयाचें. तिसरा वर्ध्यास, सेवाग्राम आमच्या सौभाग्यवतींना पाहावयाचें आहे. चौथ्या दिवशीं हिंगणघाट, वरोरा, चंद्रपूर आणि बल्लारपूर. एकंदर अंतर नऊशें किलोमीटरांच्या आसपास पडतें. तरुण माणसें तें दीड दिवसांत काटतील. आम्हीं चार दिवस धरले आहेत. परततांना नागपूरवरून रामटेकचा वळसा घ्यावयाचा. रामगिरि तो हाच, असें पुष्कळ विद्वानांचें मत आहे. जवळच मनसर येथें वाकाटकांच्या काळचे अवशेष निघाले आहेत, आणि त्याच परिसरांत मँगेनीजच्या खाणी आहेत. ही आमची उज्जयिनी!

काळ कोणता, ह्याचाही विचार केला. वैशाखांत चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. पावसाळ्यांत त्याच्याही पलीकडे, भामरागडच्या बाजूस, पर्लकोटा नदीला पूर येऊन रस्ते तुटतात. म्हणून मार्गशीर्ष हाच योग्य मास.

नकाशावर बोट फिरवितां फिरवितां एक गोष्ट घरांतील मुलांना सांगावीशी वाटली, आणि ती येथेंही सांगतों. आमच्या सायवनच्या डोंगरांचा काळा दगड, त्र्यंबकचा ब्रह्मगिरि, वेरुळचीं लेणीं, आणि लोणारचें तें सुमारें पावणेदोन किलोमीटर रुंदीचें विवर, जें आकाशांतून पडलेल्या अशनीमुळें झालें, ह्या सगळ्यांचा खडक एकच. साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं भूमि फाटून लाव्हारस वाहिला, थरावर थर बसले, त्याचा हा बेसाल्ट. पश्चिमेच्या समुद्रापासून वर्ध्यापर्यंत आपण एकाच पाषाणाच्या पाठीवरून जात असतों. वरोऱ्याच्या आसपास हा पाषाण संपतो, आणि त्याच्या कितीतरी आधींचे, पंचवीस-तीस कोटि वर्षांपूर्वींचे थर वर येतात. त्या काळच्या दलदलींतील वनस्पति गाडल्या जाऊन त्यांचा कोळसा झाला. ह्या थरांना भूगर्भशास्त्रांत 'गोंडवन' हें नांव आहे, आणि तें आमच्या गोंडांच्या मुलखावरूनच पडलें. सन १८८५ मध्यें स्यूस नांवाच्या युरोपीय शास्त्रज्ञानें, भारत, आफ्रिका वगैरे भूभाग एकेकाळीं जोडलेले होते असें पाहून, त्या पुरातन भूभागास हेंच नांव दिलें. म्हणजे आमची कन्या जेथें नांदते आणि दादांनीं जेथें जन्म घालविला, त्या दोन्ही भूमि मूळच्या एकाच घरच्या. आमची नात हें ऐकून म्हणाली, "म्हणजे एकत्र कुटुंब होतें, आणि मग वाटण्या झाल्या!"

ह्या कोळशाशीं आपला संबंध नाहीं, असें मात्र कोणीं म्हणूं नये. आमच्या डहाणूसही समुद्राकांठीं ५०० मेगावॉटचें वीजकेंद्र १९९५-९६ च्या सुमारास उभें राहिलें, आणि कोळशाच्या वाघिणी रेल्वेनें तेथें येऊं लागल्या. चंद्रपूरचें केंद्र तर २९२० मेगावॉटचें. रात्रीं दिव्याखालीं बसून आम्ही मुलांच्या वह्या तपाशीत असूं, त्या प्रकाशामागें कोणी तरी भूमीखालीं उतरलेला होता. आणि त्याची हजेरी मांडणारा, कदाचित्, आमचाच भाऊ होता.

आतां पुतण्याच्या मनांत आणखी पुढें जावयाचें होतें. बल्लारपूरपर्यंत गेल्यावर आलापल्ली, एटापल्ली करून सुरजागडची लोखंडाची खाण पाहावी, आणि भामरागडजवळ हेमलकसा येथें १९७३ पासून चाललेला आमटे कुटुंबाचा लोकबिरादरी प्रकल्पही पाहावा, असा त्याचा बेत. हा सगळा गडचिरोली जिल्हा. १९८२ पर्यंत तोही चंद्रपुरांतच होता. सुरजागडला २०१६ मध्यें खाणकाम सुरू झालें, आणि त्याच डिसेंबरांत माओवाद्यांनीं तेथील सत्तरांहून अधिक वाहनें जाळलीं. १ मे २०१९ रोजीं कुरखेडा तालुक्यांत सुरुंगाच्या स्फोटांत पंधरा पोलीस आणि त्यांचा चालक प्राणास मुकले. पुढें काळ पालटला. सन २०२५ च्या ऑक्टोबरांत चळवळीचा एक प्रमुख नेता साठ साथीदारांसह गडचिरोलींत शस्त्रें ठेवून शरण आला. तेव्हां भयाचें कारण पूर्वींइतकें नाहीं, असें पुतण्याचें म्हणणें.

ह्याच सुमारास आमचा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. तो वारली आहे. शेती करून चित्रें काढतो. आमचा बेत ऐकून त्यानें सुरजागडची माहिती विचारली. त्या डोंगरावर माडिया गोंडांच्या ठाकुरदेवाचें स्थान आहे आणि दरवर्षीं जानेवारींत तेथें यात्रा भरते, हें आम्हीं त्यास सांगितलें. तो बराच वेळ गप्प राहिला. आमच्याकडे विवळवेढ्याच्या महालक्ष्मीचा डोंगर आहे. चैत्री पौर्णिमेस त्यावर ध्वज चढतो आणि सारा मुलूख यात्रेस लोटतो. त्याच्या मनांत तोच डोंगर उभा राहिला असावा. मग तो म्हणाला, "गुरुजी, डोंगर खणून नेल्यावर देव कोठें बसतो?"

सदतीस वर्षें मुलांच्या प्रश्नांना उत्तरें दिलीं. ह्याला देतां आलें नाहीं. लोखंड नको, असें म्हणण्याचा आम्हांस अधिकार नाहीं; आमच्या दारांत मोटार उभी आहे. पण प्रश्न खोटा नाहीं, एवढें आम्हांस कळलें. आम्हीं त्यास म्हटलें, "ह्या खेपेस तेथवर जाणें होईलसें वाटत नाहीं. परंतु चंद्रपुरास त्या बाजूचीं माणसें भेटतील. त्यांस विचारून येतों." त्या विद्यार्थ्यानें मान हलविली. आम्हीं पुतण्यास सांगितलें, कीं सुरजागड आणि हेमलकसा पुढल्या वेळीं. प्रथम ज्याच्यासाठीं निघालों, तें होऊं दे. बाबुराव शेडमाके यांस २१ ऑक्टोबर १८५८ रोजीं जेथें फांशीं दिलें, तें चंद्रपूर मात्र नीट पाहूं. गोंड राजांचा तट आणि महाकालीचें देऊळ पाहूं.

ज्याच्यासाठीं निघालों, असें आम्ही म्हटलें. पण तें नेमकें काय, हें अजून आम्हांस ठाऊक नव्हतें. वहिनींना आपलें जुनें घर पाहावयाचें असेल, अशी आमची समजूत. म्हणून पुतण्यानें त्या बाजूस फोन करून चौकशी केली. उत्तर आलें तें असें: दादांची भूमिगत खाण बंद होऊन बरींच वर्षें झालीं, ती वसाहतही उठली. घरांचीं छपरें गेलीं, भिंतींवर झाडें आलीं. खाणीच्या गांवांना हें नवें नाहीं. वरोऱ्यासही इंग्रजी अमदानींत सरकारी कोळसाखाण होती. विसाव्या शतकाच्या आरंभींच ती बंद पडली. पण हें वहिनींना सांगावें कसें? आम्ही आणि पुतण्या दोन दिवस गप्प राहिलों. नऊशें किलोमीटर जाऊन त्या माउलीनें मोडकी भिंत पाहावी, हें आमच्या जिवावर आलें. तिसऱ्या दिवशीं धीर करून आम्हीं त्यांना सांगितलें.

वहिनी तांदूळ निवडीत होत्या. त्यांनीं हात थांबविला नाहीं. म्हणाल्या, "तें मला ठाऊक आहे, भावोजी. घर पाहावयास मी जातच नाहीं." आणि मग, आमच्या घरांत आल्यापासून प्रथमच, त्या सलग बोलल्या.

सन १९८८ च्या फेब्रुवारींत दादांना विषमज्वर झाला. तेवीस दिवस ते अंथरुणावर होते. मुलगा सहा वर्षांचा, मुलगी पोटांत. शेजारीं एक तेलुगू कुटुंब राहत होतें. त्यांतील पुरुष भूमीखालीं कोळसा तोडण्याच्या कामावर होता. त्याची बायको रोज सकाळीं मुलास आपल्या घरीं नेई, आपल्या चार मुलांबरोबर जेवूं घाली. रात्रीं येऊन वहिनींबरोबर दादांच्या उशाशीं बसे. वहिनींना तेलुगू येत नव्हतें, तिला मराठी मोडकेंतोडकें. बाळंतपणही तिनेंच केलें. "आपल्याकडलें कोणी येईल, असें मला वाटत होतें," वहिनी म्हणाल्या. एवढें बोलून त्यांनीं निवडलेले तांदूळ सुपाच्या कडेला लोटले.

तार आली होती. ती आम्हींच घेतली होती. शाळेंत वार्षिक परीक्षेची तयारी चालू होती, आणि आम्हीं शंभर रुपयांची मनीऑर्डर करून "परीक्षेमुळें निघतां येत नाहीं, प्रकृति कळवावी" असें उत्तर धाडलें होतें. पुढें दादांचें पत्र आलें: "आतां बरें आहे. काळजी नसावी." आम्हीं काळजी केली नाहीं. त्यानंतर दादा अठ्ठावीस वर्षें जगले. शेवटचीं सहा वर्षें तर ह्याच पडवींत आमच्या समोर बसत. पण त्यांनीं त्या तारेचा शब्दही कधीं काढला नाहीं. वहिनींनींही काढला नाहीं. आजही त्यांच्या बोलण्यांत ठपका नव्हता; आणि तो असता, तर आम्हांस अधिक सोपें गेलें असतें. कन्येच्या पत्रांतील पाण्याचा नळ आम्हांस आठवला. दादांची मनीऑर्डर सगळ्यांना दिसली. दादांच्या मुखांत पाणी कोणी घातलें, तें आम्हीं कधीं विचारलें नाहीं.

ती बाई अजून आहे. नवरा खाणीच्या धुळीनें छाती जाऊन मागेंच वारला. ती बल्लारपुरांत मुलाकडे असते, आणि दर दिवाळीला तिचा फोन वहिनींना येतो. दोघी कोणत्या भाषेंत काय बोलतात, देव जाणे. सूनबाई म्हणतात, बहुतेक वेळ त्या नुसत्या हंसतात. गेल्या दिवाळींत तिला नीट ऐकूं येईनासें झालें आहे, असें वहिनींच्या ध्यानांत आलें. म्हणून ही निकड.

हें कळल्यावर आमच्या वहींतील योजना बदलावी लागली नाहीं. मुक्काम तेच राहिले, अंतर तेंच राहिलें. पण ज्या यादीवर आम्ही महिनाभर खपलों, ती आतां निराळी दिसूं लागली. सामानाच्या पानावर आमच्या अक्षरांत होतें: औषधें, विजेरी, हवा भरण्याचा पंप, पाण्याचे दोन डबे, दोरखंड, नकाशा. त्याखालीं वहिनींनीं सूनबाईंकडून लिहवून घेतलें आहे: डहाणूचे चिकू एक पेटी, कच्चे, म्हणजे पोहोंचेपर्यंत पिकतील, नवें नऊवार लुगडें, पोह्याचे पापड, मेतकूट. आमच्या त्या वारली विद्यार्थ्यानें परवां एक चित्र आणून दिलें. त्यांत दोन बाया जात्याशीं समोरासमोर बसल्या आहेत. "शब्द नाहींत ह्याच्यांत गुरुजी, त्यांना कळेल," असें म्हणाला. तेंही गुंडाळून गाडींत ठेवावयाचें आहे.

पुतण्यास आम्हीं सगळें सांगितलें. त्यास तेव्हांचें फारसें आठवत नाहीं. कोणाच्या तरी घरीं आंबट वरण आणि भात खाल्ल्याचें तेवढें आठवतें. तो दोन दिवस गप्प होता. मग स्वतःहोऊन म्हणाला, "काका, नव्वदच्या वर नाहीं जाणार."

वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरांतून असा एखादा दादा दूर मुलखांत गेला असेल: कोणी खाणीवर, कोणी गिरणींत, कोणी आगबोटीवर, आणि आजकाल कोणी साता समुद्रांपलीकडे. त्याचा पैसा घरीं येतो, क्षेमसमाचार येतो, आणि आपण समाधान मानतों. आमचें एवढेंच सांगणें, कीं तो हयात आहे तोंवर एकदां तिकडची वाट विचारून घ्यावी, आणि त्याच्या शेजाऱ्याचें नांव विचारून घ्यावें. आम्हांस तें नांव अडतीस वर्षांनीं कळलें.

मार्गशीर्षांतील एक चांगला दिवस पाहिला आहे. पहांटे अंगणांतील तुळशीस पाणी घालून निघावयाचें. तिचीं पानें पुसावयास नकोत, इतकीं तीं येथें स्वच्छ असतात. तरी वहिनी रोज सकाळीं ओल्या फडक्यानें तीं पुसतात, हें आम्ही इतकीं वर्षें पाहत होतों. संवयीनें करीत असतील, असें आम्हांस वाटे.